पश्चिमेचा काठ तेवढा सोडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात मागच्या आठवड्यात पारोळा रस्त्यावरच्या एका गावाच्या पाझर तलावाची बातमी आली होती. येत्या उन्हाळ्यात तलावाचे खोलीकरण होणार, चारही काठांना दगडी पिचिंग म्हणजे दगडांचे अस्तर होणार, वर लोकांना फिरायला पायवाट होणार, असे तीत लिहिले होते. सोबत गेल्या पावसाळ्यातला फोटो होता. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, पाणी संपून गाळ सुरू होतो तिथे, एक हिरवा पट्टा दिसतो. नातवाच्या मोबाइलवर तो कोपरा मोठा करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या गावी गेलो. तो पट्टा मार्सिलिया या चार पानांच्या पाणवनस्पतीचा आहे. हे पत्र त्या पट्ट्यासाठी आहे.

मी प्राध्यापक नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून १९८५ साली लागलो आणि २०२१ साली निवृत्त झालो. छत्तीस वर्षे माझे मुख्य काम मटेरियल आणण्याचे. आमच्याकडे मटेरियल म्हणजे प्रॅक्टिकलला लागणारी ताजी वनस्पती. सर आदल्या दिवशी चिठ्ठी द्यायचे: उद्या रिक्सिया, परवा कारा, सोमवारी मार्सिलिया. रिक्सिया ओल्या बांधावर मिळायची, कारा साचलेल्या पाण्यात, आणि मार्सिलिया तलावाच्या काठावर. पहाटे सायकलला पिशवी अडकवून निघायचो. मार्सिलिया गाळासकट उचलावी लागते. नुसती उपटून आणली तर अकराच्या प्रॅक्टिकलपर्यंत पाने गळून पडल्यासारखी होतात आणि मुले म्हणतात, पुस्तकातल्या चित्रासारखी दिसत नाही. विद्यापीठ पुण्याचे होते तेव्हाही ती प्रॅक्टिकलला होती, १९९० साली जळगावला आपले विद्यापीठ झाले त्यानंतरही राहिली. अभ्यासक्रम किती वेळा बदलले, पण मार्सिलिया आणायला मी दर वर्षी जातच राहिलो.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाळातून दोऱ्यासारखा आडवा सरपटत जाणारा देठ, त्याला जागोजागी उभे दांडे, आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला चार पानांचा चौफुला. अगदी चारच, अधिक चिन्हासारखी मांडलेली. पुष्कळ जण तिला आंबुशी समजतात. आंबुशीला तीन पाने असतात आणि चव आंबट असते. हिला चार, आणि ही आंबट नाही. पाणी वाढले की दांडे लांबतात आणि चौफुले पाण्यावर तरंगतात. पाणी उतरले की तीच वनस्पती ओल्या गाळात वीतभर उभी राहते. संध्याकाळ झाली की चारही पाने वर उचलून एकमेकांना मिटून घेते. माझी आई तिला चारपानी म्हणायची. गावात दुसऱ्या कोणी तिला काही नाव दिल्याचे मी ऐकले नाही. संस्कृतात मात्र तिला सुनिषण्णक असे सुंदर नाव आहे, म्हणजे नीट बसलेली, आणि जुन्या आयुर्वेदात तिची भाजी सांगितली आहे. मार्सिलिया हे नाव इटलीतल्या बोलोन्याच्या मार्सिली नावाच्या निसर्गअभ्यासकावरून पडले, हे आमच्या सरांनी सांगितलेले आहे.

तिला फूल येत नाही, बी धरत नाही. ती नेच्याच्या कुळातली आहे. कोवळे पान पाहा, नेच्याच्या कोवळ्या पानासारखेच गुंडाळलेले असते. बीऐवजी तिला दांड्याच्या बुडाशी मुगाच्या दाण्याएवढ्या काळ्या, टणक कुप्या लागतात. पुस्तकात त्यांना स्पोरोकार्प म्हणतात. पाणी भरपूर आहे तोवर कुप्या फारशा धरत नाहीत. कार्तिक-मार्गशीर्षात पाणी मागे सरायला लागले, काठ उघडा पडला, की मग त्या येतात. पुढे चैत्रात गाळ तडकतो, वरची पाने जळून जातात, बघणाऱ्याला वाटते सगळे संपले. कुप्या मात्र गाळात जिवंत पडून असतात, एक-दोन वर्षे नव्हे, कित्येक दशके.

मुलांना सगळ्यात आवडायचा तो याच कुपीचा प्रयोग. कुपी तशीच पाण्यात टाकली तर काही होत नाही, कवच इतके पक्के असते. मी ती ब्लेडने एका कडेला किंचित छिलायचो आणि वॉच ग्लासमधल्या, म्हणजे काचेच्या उथळ वाटीतल्या, पाण्यात सोडायचो. थोड्या वेळाने कुपी उकलायची आणि तिच्यातून पारदर्शक चिकाची एक अळी बाहेर सरकायला लागायची, कुपीच्या कितीतरी पट लांब. त्या अळीला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पिशव्या चिकटलेल्या असतात. त्यांत दोन तऱ्हेचे बीजाणू: मोठे मादीचे, बारीक नराचे. ज्या मुलांना बटाट्यात धरून वनस्पतीचे पातळ काप काढायचा कंटाळा यायचा तीही या वॉच ग्लासवरून मान वर करायची नाहीत.

आता मूळ मुद्दा. निसर्गाची जागतिक पातळीवर नोंद ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेची लाल यादी आहे. जगातल्या प्राण्यांची आणि वनस्पतींची तीत स्थिती मांडलेली असते: कोण नष्ट झाले, कोण संकटात आहे, कोणाची काळजी नाही. आपल्याकडे तळ्याकाठी मिळते ती मार्सिलिया मिन्युटा. यादीत तिच्यापुढे ‘लीस्ट कन्सर्न’ लिहिले आहे, म्हणजे सध्या चिंता नाही. ते खरेच आहे. आफ्रिकेपासून आशियाभर ती पसरली आहे, भातखाचरात तर शेतकरी तिला तण म्हणून उपटतात. तिच्या बहिणीची, मार्सिलिया क्वाड्रिफोलियाची, गोष्ट निराळी. युरोपात ती एके काळी भातशेतीत आणि तळ्यांच्या काठी होती. नदीकाठ बांधून काढले, दलदली उपसल्या, शेतात तणनाशके आली, आणि ती इतकी घटली की १९७९ सालच्या बर्न कराराच्या आणि १९९२ सालच्या युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशाच्या यादीत तिचे नाव घालून तिला संरक्षण द्यावे लागले. जपानच्या भातशेतीत ती साधे तण होती, आज तिथल्या संकटग्रस्त यादीत आहे. उलट अमेरिकेत ती बाहेरून आली आणि तिथल्या काही तळ्यांत आता नकोशी झाली आहे. म्हणजे एका ठिकाणी कायद्याने राखलेली, दुसऱ्या ठिकाणी उपटून काढण्याची. मला यातून एवढेच कळते की वनस्पतीचे बरे-वाईट तिच्या नावावरून ठरत नाही, ती कुठल्या काठावर उभी आहे त्यावरून ठरते.

‘चिंता नाही’ या दोन शब्दांची मला भीती वाटते ती यामुळे. ते शब्द साऱ्या जगातल्या मार्सिलियाबद्दल आहेत. आमच्या तालुक्यातल्या मार्सिलियाबद्दल ते काही सांगत नाहीत. माझ्याकडे मटेरियलची एक जुनी वही आहे, कोणत्या महिन्यात कोणत्या गावाच्या शिवारात काय मिळते याची. मार्सिलियाच्या पानावर सात जागा लिहिलेल्या आहेत. निवृत्त झालो त्या वर्षी दोन उरल्या होत्या. बाकीच्या पाचांपैकी एक पाटचारी होती. तिच्या जागी जमिनीखालून पाइप गेला, आणि त्यात शेतकऱ्याचे पाणी वाचले, त्याला मी वाईट म्हणणार नाही. एका डबक्यावर प्लॉट पडले. तीन तलाव होते. ते तिन्ही अजून आहेत, पूर्वीपेक्षा जास्त पाणी धरतात, आणि मार्सिलिया तिन्हींत नाही.

त्या तिघांतला एक माझ्या गावचा. तो १९७२ च्या दुष्काळात खोदला गेला. मी अकरा वर्षांचा होतो. आई त्या कामावर पाट्या वाहायला जात होती. दुपारी सुकडी मिळायची, ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. दोन पावसाळे झाल्यावर तलावात पाणी ठरायला लागले. मग पश्चिमेच्या अंगाला, जिथून नाल्याचे पाणी तलावात शिरते तिथे, गाळ साठून उथळ पसरट काठ तयार झाला. त्या काठावर लव्हाळा आला, माका आला, नाळीची भाजी आली, आणि एका वर्षी ही चारपानी आली. कोणी लावली नाही. पाणपक्षी कुप्या गिळतात आणि त्या त्यांच्या पोटातून न पचता पुढच्या तळ्यात पडतात, असे अभ्यास आहेत. आमच्या तळ्यावर हिवाळ्यात अडई आणि हळदी-कुंकू बदके उतरायची. त्यांनीच आणली असावी. आई धुणे धुवायला जायची तेव्हा मला त्या काठावर बसवून ठेवायची, आणि मी चार पाने मोजत बसायचो. पुढे नोकरीत सरांनी पहिल्यांदा मार्सिलियाची चिठ्ठी हातात दिली आणि पुस्तकातले चित्र दाखवले, तेव्हा मी म्हणालो, ही आमच्या तळ्यावर आहे. सर त्याच दिवशी माझ्याबरोबर आले होते.

२०१८ च्या उन्हाळ्यात तलावाचे खोलीकरण झाले. गावाला पाणी हवे होते, मलाही हवे होते. चार वर्षांत तीनदा टँकर आलेला होता. पोकलेन लागले तेव्हा नारळ फोडायला मीही उभा होतो, आणि आजही म्हणतो की खोदले ते बरे केले. खालच्या विहिरींना त्याचा फायदा झाला. शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूरला नाले खोल-रुंद करून, बंधारे घालून भूजल वर आणल्याचे काम सगळ्या राज्याने पाहिले आहे. खान्देशातल्या माणसाला पाण्याची किंमत कोणी शिकवायला नको. पण यंत्रवाल्याने पश्चिमेचा उथळ काठही सरळ उभा कापून टाकला. पूर्वी गुरे त्या काठाने गुडघाभर पाण्यात जाऊन पाणी प्यायची. आता काठावरून पाऊल टाकले की थेट बारा-पंधरा फूट खोल. त्याच भाद्रपदात एका घरची म्हैस घसरून आत गेली, सहा माणसांनी दोर लावून ती बाहेर काढली. ती वाचली. मग काटेरी कुंपण घातले गेले, आणि तळे गुरांना बंद झाले.

मार्सिलियाला लागते ते नेमके हेच, जे उभ्या काठात उरत नाही. तिला पाऊलभर-हातभर पाणी लागते, तेही वर्षभर नव्हे. पावसाळ्यात बुडावे, हिवाळ्यात हळूहळू उघडे पडावे, उन्हाळ्यात कोरडे व्हावे, हा तिचा वर्षाचा क्रम. पाणी दर पंधरवड्याला दोन-चार पावले मागे सरते, आणि ती त्या पाण्याच्या मागोमाग कुप्या धरत जाते. खोल पाण्यात तळाशी तिला उजेड मिळत नाही, दगडी पिचिंगवर मुळे धरत नाहीत. उथळ काठ गेला की नुसती तीच जात नाही. तुतवार आणि शेकाटे चिखलात चोच घालायला त्याच काठावर येतात, टिटवी जवळच अंडी घालते, बेडकांची पिल्ले त्याच कोमट उथळ पाण्यात वाढतात. आमच्या तळ्यावर गेल्या हिवाळ्यात मी एकही शेकाट्या पाहिला नाही. मधल्या खोल पाण्यात पाणकावळे मात्र असतात.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, जी मला सगळ्यात लागली. खोदलेला गाळ शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरने शेतात नेला. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे, आणि काळ्या-पिवळ्या हलक्या जमिनीत तो गाळ सोन्यासारखा आहे, हे मी स्वतःच्या दोन बिघ्यांत अनुभवले आहे. पण त्या गाळाच्या वरच्या वीतभर थरात चाळीसेक वर्षांच्या कुप्या होत्या. त्या सगळ्या गाळाबरोबर कपाशीत गेल्या. त्या वर्षी श्रावणात आमच्या भाऊबंदाच्या शेतात, बांधाच्या सखल कोपऱ्यात जिथे पाणी तुंबते तिथे, कपाशीच्या दोन सऱ्यांमध्ये मला चार पानांचे चौफुले दिसले. दहा-बारा हात लांब पट्टा. मी तिथे खाली बसलो तेव्हा तो म्हणाला, “नाना, हाई गवत कोठेन उनं? कधी दखेल नही.” मी म्हणालो, आपल्या तळ्यातून आले. चार दिवसांनी त्याने सगळ्या वावरात तणनाशक मारले, आणि तो कोपराही पिवळा पडला. त्याची चूक नव्हती. मी त्याला हे राखून ठेव असे म्हणालो नव्हतो. माझे तोंड उघडले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून आता उघडतो आहे.

कायद्यात या काठाला जागा आहे का, ते मी शोधले. केंद्र सरकारचे पाणथळ जागांचे नियम २०१७ चे आहेत. त्यांच्या व्याख्येतून नद्यांची पात्रे, भातखाचरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळले आहेत. खान्देशातल्या गावोगावचे पाझर तलाव म्हणजे माणसानेच बांधलेले, दुष्काळात पाट्या वाहून. म्हणजे ते नियमाबाहेर. इस्रोने २०११ साली देशाचा पाणथळ जागांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, आणि त्याच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दोन लाखांहून अधिक पाणथळ जागा राखायला सांगितल्या. पण त्या सगळ्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या. गावतळे कितीदा तेवढे असते? २०२२ साली सुरू झालेल्या अमृत सरोवर योजनेत तलाव किमान एक एकराचा हवा असे ठरले, म्हणजे सव्वादोन हेक्टरच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान. लहान तळ्यांवर पैसा खर्च होतो हे चांगले आहे. पण त्यांच्या काठाची नोंद कुठल्याच यादीत नाही. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेल्याचे २०२० साली जाहीर झाले तेव्हा मला फार आनंद झाला होता. आपल्याकडे हतनूर धरणाच्या पाण्यावर पक्षी पाहायला लांबून माणसे येतात, त्याचाही आनंद आहे. मोठ्या पाण्याला माणसे आणि कागद दोन्ही मिळतात. आईच्या तळ्याला दोन्ही नाहीत.

एक वाट मात्र गावाच्या हातात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती, त्या घाईत पुष्कळ वह्या भरल्या गेल्या. आमच्या गावची मी पाहिली. कडुनिंब, पिंपळ, बाभूळ, गुरांच्या जाती, पिके, सगळे आहे. तळ्याच्या काठावरच्या एकाही वनस्पतीचे नाव नाही. मी सरपंचांना भेटून एक पान जोडायला सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि माझ्याकडूनच लिहून घेतले. आता वहीत चारपानी आहे, समोर शेरा आहे: २०१८ नंतर दिसत नाही. असे पान प्रत्येक गावाच्या वहीत तलाव खोदण्याच्या आधी लिहिले गेले, तर शेरा वेगळा लिहिता येईल. प्रत्येक तालुक्यात एखादे तरी विज्ञानाचे कॉलेज आहे. तिथली मुले एका दिवसात एका तलावाचा काठ लिहून काढतील. मी त्यांना दाखवायला येईन.

आता त्या बातमीतल्या तलावाबद्दल. मी गेलो तेव्हा माघाचा पहिला आठवडा होता, पाणी चांगलेच मागे सरले होते. पश्चिमेच्या काठावर, नाला शिरतो तिथे, पंचवीस-तीस पावले लांब पट्टा अजून हिरवा होता. पुढचा भाग वाळायला लागला होता. मी बोटाने गाळ उकरला आणि कुप्या हाताला लागल्या. शेळ्या चारणारा एक माणूस बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. त्याने विचारले, “काय दखी ऱ्हायनात बाबा? तठे काही नही, नुसतं गवत शे.” मी त्याला खाली बसवले आणि एक दांडा हातात दिला. त्याने पाने मोजली. मग बाजूचा दुसरा दांडा घेतला, त्याचीही मोजली. म्हणाला, “सगयासले चारच शेत.”

संबंधित ग्रामपंचायतीला आणि काम करणाऱ्या यंत्रणेला आपल्या दैनिकातून माझी विनंती आहे. तलाव खोल करा, हवा तेवढा करा, पण मध्ये. पूर्व, उत्तर आणि दक्षिण या तीन बाजूंना पिचिंग करा. पश्चिमेचा, नाल्याच्या तोंडाचा काठ तसाच उताराचा राहू द्या, हातभर खोलीला दहा-बारा पावले इतका सावकाश. त्या बाजूला यंत्र उतरवावेच लागले तर वरचा वीतभर गाळ आधी बाजूला काढून ठेवा आणि काम संपल्यावर त्याच उतारावर परत पसरा. कुप्या त्याच गाळात आहेत. यात खर्च वाढत नाही, उलट एका बाजूचे पिचिंग वाचते. तलावाची साठवण थोडी कमी होईल हे मला कळते. पण उथळ काठावरचे पाणी तसेही आधी आटते, विहिरींना पुरते ते मधले खोल पाणी. आणि गुरांना उतरायला वाट राहील, आमच्या गावासारखे कुंपण घालावे लागणार नाही. पायवाट पश्चिमेला दहा-पंधरा पावले मागून, शेताच्या बांधाकडून वळवता येईल. मी जागा पायाने मोजली आहे, तेवढी आहे. अंदाजपत्रक अजून मंजूर व्हायचे आहे असे बातमीतच म्हटले आहे, म्हणून हे आत्ताच लिहितो. गुढीपाडव्यानंतर यंत्र आले की काठ कापायला एक सकाळ पुरते, आमच्या तळ्यावर मी ते पाहिले आहे.

शेवटी एक. १९९८ च्या संक्रांतीच्या दिवशी मी आमच्या गावच्या काठावरून कुप्या वेचून काडेपेटीत भरल्या होत्या, पुढच्या वर्षीच्या प्रॅक्टिकलसाठी. त्या वर्षी ताजे मटेरियल भरपूर मिळाले, काडेपेटी तशीच राहिली. निवृत्त होताना कपाट आवरले तेव्हा ती घरी आणली. गेल्या दिवाळीत तिच्यातल्या चार कुप्या सहाणेवर कडेने घासल्या आणि वाटीतल्या पाण्यात सोडल्या. तीन तशाच राहिल्या. चौथी चहा होईपर्यंत उकलली, आणि तिच्यातून चिकाची अळी बाहेर आली, सत्तावीस वर्षांनंतर. नातू ओरडत आईला बोलवायला गेला. आठवड्याने वाटीत हिरवे ठिपके दिसले. पहिले पान नुसते दोऱ्यासारखे आले, मग एक दोन भागांचे, मग चार. आज गच्चीवर प्लास्टिकच्या टबात शेतातला गाळ घालून ती लावली आहे, आणि ती टबाच्या काठापर्यंत सरपटत आली आहे. ती आईच्या तळ्याची आहे. तिथे तिला लावायला आता उतार नाही. त्या गावाने पश्चिमेचा काठ राखला तर येत्या श्रावणात, नाल्याला पाणी आले की, मी तो टब घेऊन तिथे येईन. काडेपेटीत अजून एकतीस कुप्या आहेत, त्याही आणीन.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
जि. जळगाव